जुन्या संगणकाला नेटवर्क कार्ड बसवताना

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

चौलहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ‘‘सर, अण्णांचा कॉम्प्युटर चालू होतो, पण त्यातलं काही बाहेर काढता येत नाही. जरा येऊन जाल का?’’

अण्णा म्हणजे त्याचे वडील. निवृत्त शिक्षक. चौलमधली देवळं, पुष्करणी, बावी, पायवाटा, वाड्यांची जुनी नावं यांच्या नोंदी करायचा त्यांना नाद होता. कुठल्या बावीचं पाणी एप्रिलमध्येही टिकतं, कुठल्या देवळाच्या पायरीला कोरीव दगड उलटा बसवलाय, असल्या गोष्टी ते वर्षानुवर्षं वह्यांमध्ये लिहीत आले. १९९९ मध्ये त्यांनी संगणक घेतला आणि वह्या टाइप करायला घेतल्या. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, घराची कौलं उडाली आणि माळ्यावरच्या वह्यांचा लगदा झाला. संगणक माजघरात होता, तो वाचला. अण्णा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. म्हणजे त्यांनी लिहिलेलं जे काही उरलं होतं, ते त्या एका खोक्यात होतं.

तुम्ही म्हणाल, मग त्यात अडचण काय? फ्लॉपीवर घ्यायचं. पण कोकणातल्या हवेत फ्लॉपीला बुरशी लागते, आणि बुरशी लागलेली फ्लॉपी आत घातली की ती वाचणारं यंत्रही बिघडतं. सीडीचं यंत्र केव्हाच बंद पडलेलं. पेन ड्राइव्ह लावावा, तर संगणकावर विंडोज ९८. त्याला पेन ड्राइव्ह म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर आधी घालावा लागतो, आणि तो घातल्यावरही मागचं यूएसबीचं सॉकेट गंजलेलं होतं.

म्हणून पहिलं काम केलं ते हार्ड डिस्क बाहेर काढण्याचं. जुनी डिस्क यूएसबीला जोडायची डबी बाजारात मिळते. तिच्यात डिस्क घालून ती लॅपटॉपला लावली आणि सगळीच्या सगळी नक्कल करून घेतली. ज्यांच्या घरी असा जुना संगणक असेल त्यांना माझं सांगणं आहे, की बाकी काहीही करण्याआधी हे करा. पंचवीस वर्षांची डिस्क आज फिरली म्हणून उद्या फिरेल असं नाही.

फायली तर मिळाल्या. पण लॅपटॉपवर उघडल्या तर सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा. याचं कारण त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची आणि त्यांच्या तुकड्यांची चित्रं बसवलेली असत, आणि कुठल्या जागी कुठलं चित्र, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरलं, युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण घरगुती टायपिंगमध्ये युनिकोड रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. अण्णांच्या फायली नीट उघडत होत्या त्या फक्त त्यांच्या जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये. आणि तो प्रोग्रॅम चालतो केव्हा, तर प्रिंटरच्या सॉकेटला एक छोटं कुलूप लावलेलं असेल तेव्हा. असं सॉकेट आताच्या लॅपटॉपला नसतं. प्रोग्रॅममध्ये मजकूर दुसऱ्या पद्धतीत काढून देण्याची सोय होती, पण ती एकेक फाइल उघडून वापरायची. फायली सहाशेच्या वर. म्हणजे जुना संगणक चालता ठेवायचा, रोज थोड्या थोड्या फायली काढायच्या आणि त्या लॅपटॉपवर न्यायच्या. त्यासाठी दोघांमध्ये वाट हवी. ती वाट म्हणजे नेटवर्क कार्ड.

१९९९ च्या घरगुती संगणकात हे कार्ड सहसा नसायचं. इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तारेवरून, मॉडेमच्या कुईकुईतून. आणि घरात संगणक एकच; तो जोडायचा कोणाला?

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा शब्दांतच सांगतो. संगणकाच्या खोक्याची बाजू उघडली की आत उभी एक मोठी हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसते, ती मदरबोर्ड. तिच्यावर मागच्या बाजूला लांबट खाचा असतात. पांढऱ्या, आखूड खाचा पीसीआयच्या. काळ्या, लांब खाचा त्याहून जुन्या आयएसएच्या. एखादी तपकिरी, जराशी आत सरकलेली खाच असते ती एजीपीची, ती फक्त पडद्याच्या कार्डासाठी. त्या काळातल्या पुष्कळ संगणकांत हे तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. आपल्याला हवी ती पांढरी. आज दुकानात नवं कार्ड मागितलं तर पीसीआय एक्स्प्रेसचं देतील; नाव जवळजवळ तेच, पण ते या खाचेत बसत नाही. जुनं पीसीआय कार्डच शोधावं लागतं. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात अशी चार-पाच पडून होती. त्यांतलं रिअलटेकच्या ८१३९ या चिपचं घेतलं, कारण हे कार्ड एके काळी घरोघरी होतं आणि त्याचा विंडोज ९८ साठीचा ड्रायव्हर मिळतो.

डब्यात आणखी एक कार्ड होतं, मागे दोन तोंडांचं. एक आताच्यासारखं चौकोनी आणि एक गोल, टीव्हीच्या केबलसारख्या तारेसाठी. ते पाहून २००० सालच्या कॉम्प्युटर क्लासचे दिवस आठवले. दहा संगणक एकाच तारेवर ओवलेले असायचे, आणि एका मुलाच्या पायाने एक जोड सैल झाला की दहाच्या दहा बंद. मग रांगेत बसून कुठला जोड ते शोधायचं. चौकोनी सॉकेटमध्ये हा त्रास नाही, प्रत्येकाची तार वेगळी.

कार्ड बसवताना प्लग भिंतीतून काढायचाच. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच संगणकांत बटण बंद असलं तरी मदरबोर्डवर थोडी वीज खेळत असते. प्लग काढल्यावर सुरू करायचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे उरलीसुरली जाते. मग खोक्याच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. चौलच्या दमट हवेत ती फारशी साठत नाही, पण सवय असावी.

दमट हवेचा त्रास वेगळाच. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यावर खाऱ्या वाऱ्याने पातळ थर चढतो. साध्या खोडरबरने त्या हलक्या हाताने पुसायच्या, रबराचा कीस फुंकून नव्हे, ब्रशने झाडायचा, कारण फुंकरीतही ओल असते. खाचेतही ब्रश फिरवायचा. आणि मागचं चौकोनी सॉकेट उजेडात धरून पाहायचं. हे का सांगतो? कारण आपल्याकडे कुंभारीण माशी असल्या भोकांत मातीचं घर बांधते. मी आजवर तीन संगणकांच्या सॉकेटमधून तिची घरं काढली आहेत. मालक सांगतात, ‘‘केबल आत जातच नाही, सॉकेट बिघडलंय.’’

कार्ड खाचेत दाबलं, स्क्रू आवळला, संगणक सुरू केला. काही नाही. नवं काही बसवलंय याची त्याला खबरच नव्हती. प्लग काढला, पुन्हा उघडलं, आणि तेव्हा दिसलं. कार्डाच्या मागच्या पत्र्याला स्क्रू आवळला की तो पत्रा खोक्याकडे ओढला जातो आणि कार्डाचं आतलं टोक खाचेतून केसभर वर उचललं जातं. वरून पाहिलं तर कार्ड बसलेलं दिसतं. बाजूने डोळा लावला की सोनेरी पट्टी तिरकी दिसते. स्क्रू सैल केला, कार्ड सरळ दाबलं, बोटाने धरून ठेवून स्क्रू पुन्हा हलकाच आवळला. या वेळी विंडोजने ‘नवीन हार्डवेअर सापडलं’ असं सांगितलं.

मग ड्रायव्हर. कार्डाशी कसं बोलायचं हे संगणकाला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोज ९८ ची खोड अशी, की ड्रायव्हर घालताना ते स्वतःची मूळ सीडी मागतं. सीडी होती, पण यंत्र बंद. याची तजवीज मी आधीच केली होती. डिस्क लॅपटॉपला जोडलेली असताना, नक्कल घेऊन झाल्यावर, तिच्याच एका फोल्डरमध्ये त्या सीडीवरचा विंडोजचा फोल्डर आणि कार्डाचा ड्रायव्हर ठेवून दिला होता. सीडी मागितली की त्या फोल्डरकडे बोट दाखवायचं. हे आधी सुचलं नसतं तर डिस्क पुन्हा काढावी लागली असती.

संगणक पुन्हा सुरू झाला. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ पाहिलं. कार्डाचं नाव होतं आणि त्याच्यावर पिवळं उद्गारचिन्ह.

हे पिवळं चिन्ह म्हणजे जुन्या संगणकाचं जुनं दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संगणकाच्या मेंदूला एका वेळी एकच काम करता येतं. कीबोर्डला, डिस्कला किंवा नेटवर्क कार्डाला त्याचं लक्ष हवं असेल तर ते घंटा वाजवतात. या घंट्यांना आयआरक्यू म्हणतात. त्या काळच्या संगणकात त्या सोळाच होत्या, शून्यापासून पंधरापर्यंत. शून्य घड्याळाची, एक कीबोर्डची, तीन आणि चार मागच्या सिरिअल सॉकेटची, सहा फ्लॉपीची, सात प्रिंटरची, चौदा आणि पंधरा डिस्कच्या. म्हणजे नव्या पाहुण्याला मोजक्याच शिल्लक. पांढऱ्या खाचेतली कार्डं समंजस, दोघं मिळून एक घंटा वापरू शकतात. काळ्या खाचेतल्या जुन्या कार्डांना ते जमत नाही. अण्णांच्या संगणकात आवाजाचं कार्ड काळ्या खाचेत होतं आणि ते पाच नंबरची घंटा धरून बसलं होतं. आमच्या नव्या कार्डालाही पाचच दिली गेली. घंटा वाजली तर कोणी वाजवली ते कळेना.

सोपा उपाय म्हणजे आवाजाचं कार्ड काढून टाकणं. मी तसं म्हटलं, तर आमच्या वहिनी, म्हणजे विद्यार्थ्याची पत्नी, म्हणाल्या, ‘‘नको. अण्णा सुरू करायचे तेव्हा तो टण्णकन आवाज यायचा. तो राहू दे.’’ मग दुसरा उपाय केला. संगणक सुरू होताना ‘डिलीट’ची कळ दाबली की निळ्या पडद्यावर बायॉसची पानं येतात. त्यात पीसीआयच्या पानावर ‘आयआरक्यू पाच’ जुन्या आयएसए कार्डासाठी राखून ठेवलं. नेटवर्क कार्डाला दहा नंबर मिळाला, पिवळं चिन्ह गेलं. कधी कधी कार्ड नुसतं शेजारच्या खाचेत हलवूनही हे काम होतं, कारण घंट्या खाचांनुसार वाटलेल्या असतात. एजीपीला लागून असलेली पांढरी खाच मात्र शक्यतो टाळावी, तिची घंटा बहुधा पडद्याच्या कार्डाशी वाटून घेतलेली असते.

आता केबल. लॅपटॉप आणि जुना संगणक यांच्यात सरळ एकच तार टाकली. पूर्वी दोन संगणक असे थेट जोडायचे तर आतल्या तारा उलटसुलट केलेली खास केबल लागे. आताच्या लॅपटॉपचं सॉकेट ती अदलाबदल आपोआप करून घेतं. कार्डाच्या मागे हिरवा दिवा लागला. विद्यार्थ्याला मी म्हटलं, झालं आता.

झालं नव्हतं. दोन्ही यंत्रांना पत्ते दिले. लॅपटॉपला १९२.१६८.१०.१ आणि जुन्याला १९२.१६८.१०.२, दोघांनाही मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा मुद्दाम रिकामी ठेवली, त्याचं कारण पुढे सांगतो. मग ‘पिंग’ करून पाहिलं. पिंग म्हणजे वाडीच्या या टोकाहून हाळी घालायची आणि पलीकडून ‘ओ’ येतो का ते ऐकायचं. क्रम असा ठेवावा: आधी १२७.०.०.१ ला हाळी, म्हणजे स्वतःच स्वतःला. ती लागली तर विंडोजमधली नेटवर्कची मांडणी ठीक. मग स्वतःच्या पत्त्याला. मग पलीकडच्याला. पहिल्या दोन लागल्या. तिसरीला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’.

इथे मी दोन तास घालवले, आणि चूक माझी होती. केबल बदलली. खाच बदलली. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. शेवटी वहिनींनी चहा आणला तेव्हा सहज उलटी हाळी घातली, लॅपटॉपवरून जुन्या संगणकाला. लगेच उत्तर आलं, चारच्या चारही. म्हणजे तार ठीक, कार्ड ठीक. लॅपटॉपवरच्या विंडोजची फायरवॉल अनोळखी जाळ्यातल्या हाळीला ओ द्यायचीच नाही असं ठरवून बसली होती. विंडोज ९८ ला फायरवॉल हा प्रकारच नव्हता, म्हणून ते बिचारं लगेच बोललं. तेव्हापासून मी स्वतःला नियम घातला आहे, की एका बाजूने उत्तर नाही आलं तर हातात स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी दुसऱ्या बाजूने विचारून पाहायचं.

पुढची अडचण बोलीची. विंडोजमध्ये फोल्डर ‘शेअर’ करायची सोय असते, ती आम्ही वापरू पाहिली. जुना संगणक ज्या बोलीत फोल्डर मागतो, ती एसएमबीची पहिली आवृत्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच बोलीतल्या खिंडारातून. २०१७ च्या शेवटापासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये ती बंदच असते. उघडता येते, पण उघडू नये. त्याऐवजी एफटीपी ही आणखी जुनी, साधी पद्धत घेतली. लॅपटॉपवर तेवढ्यापुरता एफटीपीचा सर्व्हर सुरू करायचा आणि विंडोज ९८ च्या काळ्या पडद्यावर ‘एफटीपी’ म्हणून पत्ता द्यायचा. नाव, पासवर्ड सांगितल्यावर पहिला शब्द टाइप करायचा तो ‘बिन’. हा विसरला तर फाइल मजकूर म्हणून पाठवली जाते आणि मजकूर नसलेल्या फायली वाटेत बिघडू शकतात. मग ‘प्रॉम्प्ट’, म्हणजे दर फायलीला ‘पाठवू का’ असं विचारणं बंद. मग ‘एमपुट’ आणि तारांकन-टिंब-तारांकन. पहिल्या दिवशी अकरा फायली गेल्या. पहिली होती ती बावींची यादी.

आता गेटवे रिकामा का ठेवला ते. विंडोज ९८ ची दुरुस्ती कंपनीने ११ जुलै २००६ रोजी थांबवली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी. त्यानंतर सापडलेली बहुतेक छिद्रं बुजवलेली नाहीत. असा संगणक इंटरनेटला जोडणं म्हणजे दाराला कडी नसलेलं घर उघडं टाकून परगावी जाणं. आणि जोडून मिळणार तरी काय? आताची संकेतस्थळं ज्या गुप्त भाषेत बोलतात ती त्याच्या ब्राउझरला येत नाही, बहुतेक पानं उघडतच नाहीत. गेटवे दिला नाही की संगणकाला गावाबाहेरचा रस्ताच ठाऊक नसतो. त्याला फक्त शेजारचा लॅपटॉप दिसतो, आणि आपलं काम तेवढंच आहे. लॅपटॉपवर मात्र त्या वेळी वाय-फाय बंद ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. ‘‘सर, पिवळं चिन्ह परत आलंय.’’

मी पुन्हा चौलला. अलिबागहून अंतर फार नाही, पण अर्धा दिवस जातो. बायॉसमध्ये पाहिलं तर पाच नंबर राखून ठेवल्याची नोंद गायब. पुन्हा केली, चाललं. प्लग काढून दहा मिनिटांनी लावला, पुन्हा गायब. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. १ जानेवारी. आदल्या दिवशीही ती तशीच होती, मी पाहिली होती आणि ‘जुना संगणक आहे’ म्हणून सोडून दिली होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याहून थोडा छोटा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि बायॉसच्या नोंदी तोच सांभाळतो. तो संपला की संगणक रोज नव्याने जन्मतो. रेवदंड्याच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला. बसवला, तारीख घातली, पाच नंबर पुन्हा राखला. नंतर ते चिन्ह आलं नाही. जुन्या संगणकात काही नवं बसवण्याआधी हा सेल बदलावा. मी पंचवीस वर्षं हे काम करतो आणि तरीही विसरलो.

महिन्याभरात विद्यार्थ्याला वाटलं, की रोज लॅपटॉप जुन्या घरात न्यायचा त्यापेक्षा वाडीतून केबल टाकून नव्या घराशी कायमची जोड करावी. साधारण चाळीस मीटर अंतर. शंभर मीटरची मर्यादा असते, त्यात बसत होतं. गावातल्या वायरमनने पोफळींच्या बाजूने तार नेली, दोन्ही टोकांना प्लग लावले. दिवा हिरवा. पिंगही लागलं. पण फाइल पाठवली की अर्ध्यावर अडकायची, आणि छोट्या फायली मात्र सुरळीत जायच्या.

प्लग पाहिला आणि हसू आलं. वायरमनने रंग ओळीने लावले होते: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, तपकिरीची. दिसायला किती नीटनेटकं! पण प्लगमध्ये पहिली-दुसरी तार एक जोडी आणि तिसरी-सहावी ही दुसरी जोडी लागते. म्हणून खरा क्रम विचित्र दिसतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फाकवून मध्ये निळी बसवलेली असते.

यात एवढं काय, असं वायरमननेही विचारलं. त्याला मी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं उदाहरण दिलं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार, तेव्हा त्या विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप बिघडेल, म्हणून कुलाब्याचं ते काम अलिबागला आणलं गेलं; १९०४ मध्ये इथली वेधशाळा सुरू झाली आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. वाहती वीज आपल्याभोवती अशी ढवळाढवळ करत असते. जवळून जाणाऱ्या पंपाच्या वायरची ढवळाढवळ केबलवरही होते. त्यावरचा तोडगा ग्रॅहॅम बेलच्या काळातला, त्याने १८८१ मध्ये पेटंट घेतलेला. एकाच संदेशाच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळायच्या. एकीत संदेश सुलटा, दुसरीत उलटा. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचं कार्ड दोघींमधला फरक तेवढा घेतं, त्यात गोंगाट वजा होतो आणि संदेश उरतो. वायरमनच्या पद्धतीत तिसरी आणि सहावी तार वेगवेगळ्या पिळांतल्या झाल्या, म्हणून गोंगाट वजा होईना. आखूड केबलमध्ये हे खपून जातं, चाळीस मीटरमध्ये नाही. दोन्ही प्लग कापून नवे लावले, लावताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलला नाही, आणि फायली जाऊ लागल्या.

तरीही ती केबल मी फार दिवस ठेवू दिली नाही. उघड्यावरून दोन घरांमध्ये गेलेली तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण. वीज थेट तारेवर पडायला लागत नाही, वाडीतल्या एखाद्या माडावर पडली तरी तारेत झटका येतो आणि सर्वांत आधी जळतं ते नेटवर्क कार्ड. मेअखेरच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात अलिबाग-मुरूड पट्ट्यात असली जळकी कार्डं मी पुष्कळ पाहिली आहेत. नुसता संगणक बंद केला म्हणून कार्ड वाचत नाही; केबल सॉकेटमधून काढावी लागते. कायमची जोड हवीच असेल तर काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची केबल टाकावी, तिच्यातून वीज येत नाही. शिवाय त्या तांब्याच्या केबलला दोन ठिकाणी खारीचे दातही लागलेले होते.

आता लॅपटॉप माजघरातच ठेवतात आणि दीड मीटरची केबल वापरतात. वहिनी दुपारी बसतात, कुलूप लावलेल्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एकेक फाइल उघडतात, मजकूर काढतात, मग ‘बिन’ म्हणून पाठवतात. जोडाक्षरं काही ठिकाणी तुटतात, विशेषतः रफार आणि ‘क्ष’. ती हाताने दुरुस्त करावी लागतात. गेल्या खेपेला गेलो तेव्हा चारशे बारावी फाइल चालू होती. तीत एका पुष्करणीच्या पायऱ्यांची मोजणी होती, आणि खाली अण्णांनी कंसात लिहिलं होतं, की पावसाळ्यात खालच्या सात पायऱ्या मोजता आल्या नाहीत, मार्चमध्ये पुन्हा जायचं. पुढच्या फाइलीत तो मार्च आहे का, हे वहिनी शोधत होत्या.